खालच्या व्हॉल्व्हच्या वर

ऑफिसात तिला खुसपटबाई म्हणत. तोंडावर नुसतंच 'बाई', आणि तिची पाठ वळली की मागे खुसपट जोडायचं, असा रिवाज होता. तिला हे पक्कं ठाऊक होतं आणि त्याचं काही वाटतही नसे. खुसपटं काढायचाच पगार मिळतो म्हटल्यावर वाटून कसं चालेल?

तिची कंपनी चष्मे बनवायची. नजरेचे नव्हेत. हा चष्मा डोळ्यांवर चढवला की समोरचं यंत्र जसंच्या तसं दिसे आणि त्याच्या अंगावर, आजूबाजूच्या हवेत, बाण, खुणा आणि अक्षरं उमटत. हा नट सोडा, ही कळ दाबा, इथे हात लावू नका. कारागिराने नुसतं खुणेमागे जायचं. तो जाताना कुठे अडखळतो, हे बघून लिहून काढणं हे बाईचं काम. बघणं कुणालाही जमेल. लिहिताना मात्र भल्याभल्यांच्या नाकी नऊ येत, कारण हवेतल्या वस्तूला पत्ता नसतो. कागदावर किंवा पडद्यावर 'उजव्या कोपऱ्यातलं बटण' म्हणून मोकळं होता येतं. इथे माणसाने मान वळवली की उजवा कोपराही त्याच्याबरोबर वळतो. डावीकडे म्हणजे कुणाच्या डावीकडे? माणसाच्या, यंत्राच्या, की चष्म्याच्या?

म्हणून बाई लांबलचक लिहायची. माणूस कुठे उभा होता, मान किती झुकली होती, उजेड कुठून येत होता, कोणता हात पुढे गेला आणि मध्येच का थांबला, तोंडातल्या तोंडात काय पुटपुटला, सगळं. 'माणूस गोंधळला' असं कुणी लिहून आणलं की तिचं डोकं फिरे. "गोंधळला म्हणजे केलं काय त्याने? हात मागे घेतला? मागे वळून तुझ्याकडे बघितलं? की ढिम्म उभा राहिला? त्याच्या डोक्यात काय झालं ते तुला कसं कळलं, आत शिरली होतीस?" नव्याने लागलेल्या मुली तिच्यासमोर कागद ठेवताना आधीच पडेल चेहरा करून येत.

हे सगळं ज्याने वाचायचं आणि दुरुस्त करायचं, तो ताडमाड उंच गडी. दारातून येताना सवयीने मान वाकवायचा, म्हणून त्याला जिराफ म्हणत आणि तो त्या नावाला 'ओ'ही देत असे. माणूस मनाने लाख चांगला, कामाला वाघ, पण वाचायचं म्हटलं की अंगावर काटा. "बाई, तुमचा एक इश्यू वाचून होईपर्यंत माझे दोन दुरुस्त होतात," तो म्हणायचा. एकदा भर मिटिंगमध्ये म्हणाला आणि सगळे हसले. वरच्या मॅडमनी तिथल्या तिथे फर्मान काढलं, की यापुढे एक अडचण, एक ओळ.

बाई फुगली. भाजीत मीठ जास्त पडलं असं कुणी म्हटलं की दुसऱ्या दिवशी मुद्दाम अळणी वाढणारी माणसं असतात, त्यांतली ती. एका ओळीत हवंय ना, घ्या एका ओळीत. त्या आठवड्यात तिने जे लिहिलं ते तारेसारखं होतं. शब्द मोजून दिल्यासारखे, आणि प्रत्येक ओळीखाली न दिसणारी एक ओळ: आता बसा बोंबलत.

नेमक्या त्याच आठवड्यात पाइपांची चाचणी होती. चाचणीच्या खोलीत भिंतीला पाइप ठोकून एक खोटं स्टीमघर उभं केलेलं. जमिनीलगत दोन व्हॉल्व्ह, एकाच्या डोक्यावर एक, दोन्हींची चाकं सारखीच. बाहेरून फिटर बोलावले होते. त्यांच्यातला एक जण गुडघ्यावर बसला, त्याचा हात वरच्या चाकाकडे गेला, घुटमळला आणि खाली आला. "खूण जरा वर दिसली. माझंच चुकलं, बाई," तो ओशाळून म्हणाला. एरवी बाईने त्याला तिथेच धरून ठेवलं असतं, पुन्हा बसवलं असतं, त्याच्याशेजारी स्वतः बसली असती आणि पानभर लिहिलं असतं. त्या दिवशी तिने लिहिलं, 'खूण खालच्या व्हॉल्व्हच्या वर दिसते.' पूर्णविराम देऊन ती पुढच्या माणसाकडे वळली.

चष्मे गेले ते खऱ्या स्टीमघरात. मोठ्या लाँड्रीचं स्टीमघर, ऑफिसपासून फार लांब नव्हतं, आणि तिथे बाईचा दीर फिटर होता.

घरात त्याला सगळे धाकटा म्हणत. बाई लग्न होऊन आली तेव्हा तो शाळेत होता, दप्तर फेकून पहिला तिच्याकडे यायचा. नव्या नवरीने रीतीप्रमाणे त्याला 'भाऊजी' अशी हाक मारली तेव्हा हसून हसून पोट धरून बसला होता. तेव्हापासून भाऊजी हा शब्द फक्त रागावल्यावर बाहेर निघे. एरवी अरे-तुरे. अंगाने बुटका, जिभेने लांब. वहिनीची टर उडवल्याशिवाय त्याला घास गिळत नसे आणि तो घरी यायला उशीर झाला तर सासूबाईंच्या आधी बाईचं लक्ष दाराकडे जाई.

त्या दिवशी सकाळी तो उभ्या उभ्या चहा पीत होता.

"आजपासून चष्मा बरं का वहिनी. पहिला मान माझा. चहाच्या सुट्टीनंतर पाइपातली गाळ अडवणारी जाळी साफ करायला काढायची आहे, तीच चष्म्याने करायची म्हणालेत."

"बसून पी तो चहा."

"व्हॉल्व्हवरच्या जुन्या पाट्यासुद्धा काढल्या. रंग द्यायला म्हणून काढल्या, त्या लावल्याच नाहीत परत. फोरमन म्हणतो, चष्मा सांगतोय तर पाट्या कशाला?"

"पाट्या लावून घ्यायला सांग त्याला," बाई म्हणाली. तिला ते पटलं नव्हतं, पण डब्याची घाई होती आणि तो तोपर्यंत चपला सरकवून बाहेर पडला होता.

ऑफिसात त्या सकाळी सणासुदीचा उत्साह होता. चष्मे प्रत्यक्ष कामाला लागले, म्हणून मॅडमनी सगळ्यांना चहा दिला. जिराफ खुशीत होता. खुर्चीवर बसून त्याने पाय लांब सोडले, आणि बंद केलेल्या इश्यूंची यादी काढून मोठ्याने वाचायला लागला.

"ऐका, ऐका. खुसपटबाईंचे निवडक." तोंडावर खुसपट पहिल्यांदाच आलं होतं, पण त्या आनंदात ते खपून गेलं. बाईही हसली. "हा ऐका. 'खूण खालच्या व्हॉल्व्हच्या वर दिसते.' अहो बाई, दिसणारच ना! खालच्या व्हॉल्व्हची खूण खालच्या व्हॉल्व्हवर नाही दिसणार, तर काय माझ्या डोक्यावर? मी लिहिलं, अगदी बरोबर, आणि बंद केला."

सगळे खो खो हसले. बाई हसली नाही.

आपल्या भाषेत 'वर' हा शब्द दोन्ही घरी जेवतो. टेबलाच्या वर पुस्तक आहे म्हटलं तर ते टेबलाला टेकलेलं असतं आणि टेबलाच्या वर दिवा आहे म्हटलं तर तो छताला टांगलेला असतो. बोलताना कुणाचं अडत नाही, कारण पुस्तक कुठे असतं आणि दिवा कुठे असतो हे आपल्याला माहीत असतं. हवेतली खूण कुठे असते हे कुणालाच माहीत नसतं. तिने दिवा लिहिला होता. जिराफाने पुस्तक वाचलं होतं.

"तू बघितलं होतंस?" तिने विचारलं. "प्रत्यक्ष, चष्मा घालून?"

"बघितलं की. नेमकी खालच्या चाकावर होती. वाचून नुसतं बंद करत नाही मी, बाई, एवढं तरी..."

"उभ्याने बघितलंस?"

तिने कप ठेवला आणि चाचणीच्या खोलीकडे निघाली. जिराफही मागोमाग आला. तिने कपाटातला चष्मा काढून डोळ्यांवर चढवला आणि खोट्या पाइपांसमोर उभी राहिली. हिरवी खूण खालच्या चाकावर होती, थोडीशी वर सरकल्यासारखी, पण खालच्याच. मग तिने साडी सावरून गुडघे टेकले. खूण चढली. जसजशी ती खाली बसली तसतशी खूण वर वर गेली आणि वरच्या चाकाच्या मधोमध जाऊन थांबली. खाली दोनच शब्द: हा उघडा.

तिने चष्मा जिराफाकडे दिला. तो उभा राहिला तेव्हा त्याला खूण खालच्या चाकावर दिसली. मग त्याने आपल्या लांबच लांब पायांची घडी घातली, खाली बसला आणि तसाच बसून राहिला.

"अलीकडे आहे," तो हळूच म्हणाला. "खूण व्हॉल्व्हवर टेकलेलीच नाही. अलीकडे हवेत उभी आहे. माझ्या उंचीवरून बघितलं की बरोबर चाकावर पडते. खालून बघितलं की..."

"फोन लाव स्टीमघरात."

त्याने लावला. वाजत राहिला. बाईने धाकट्याला लावला, तोही वाजत राहिला आणि तो वाजणारच होता, कारण आत जाताना सगळ्यांचे फोन लॉकरमध्ये ठेवून घेत. हे धाकट्यानेच कधीतरी वैतागून सांगितलेलं. जमिनीलगतचा व्हॉल्व्ह उभ्याने कुणी उघडत नाही. त्यात धाकटा बुटका. खालचा व्हॉल्व्ह निचऱ्याचा, सकाळपासून बंद ठेवलेल्या लाइनचा, त्यातून फार तर कोमट पाणी येणार. वरच्यामागे जिवंत वाफ होती, दाबाने कोंडलेली; तो उघडला की ती या बंद लाइनमध्ये घुसणार. आणि त्या लाइनवरची जाळी साफ करायला काढलेली, म्हणजे पाइपचं तोंड उघडं, खाली बसलेल्या माणसाच्या चेहऱ्याच्या बरोबर समोर.

"चहाची सुट्टी झाली असेल त्यांची?" जिराफाने विचारलं.

"झाली असेल," बाई म्हणाली आणि बाहेर धावली.

जिराफाच्या स्कूटरवर बाई मागे बसली. एरवी ती स्कूटरवर बसायला भ्यायची. आज तिला रस्ता दिसतच नव्हता. चौकात लाल दिवा लागला. जिराफ थांबला आणि बाईने त्याच्या पाठीवर बुक्की मारली. बाजूने गाड्या धावत होत्या, जायला फट नव्हती. त्या दिव्याखाली उभं असताना तो मान न वळवता म्हणाला, "बाई, मी वाचलं होतं. नीट वाचलं होतं."

"मी नीट लिहिलं नव्हतं."

"विचारायला हवं होतं मी."

"दिवा बघ," बाई म्हणाली. तिच्या डोळ्यांसमोर धाकट्याचा चेहरा होता, आणि तो ती मनातल्या मनात झाकत होती.

लाँड्रीच्या फाटकावर वॉचमनने हात आडवा केला. कुठून आलात, कुणाला भेटायचंय, नाव लिहा, सही करा. जिराफ त्याला समजवायला लागला, आणि तो माणूस समजण्यातला नव्हता. वॉचमनच्या खोलीत आतल्या फोनचं काळं डबडं भिंतीला लावलेलं होतं. बाई त्याच्या हाताखालून वाकून सरळ आत शिरली आणि रिसीव्हर उचलला. "अहो, अहो," वॉचमन ओरडला. "स्टीमघर लावून द्या, नाहीतर मी बोंब ठोकेन," बाई म्हणाली, आणि तिच्याकडे बघून त्याने मुकाट्याने नंबर फिरवला.

पलीकडे कुणीतरी उचलला. मागून यंत्रांची घरघर येत होती.

"फोरमन बोलतोय. बोला लवकर, काम चालू आहे."

"चष्म्याच्या कंपनीतून बोलते. खूण व्हॉल्व्हच्या वर दिसते आहे..."

"हो हो, दिसतेय ना! झकास दिसतेय. पोरं खूश आहेत. नंतर बोलू."

पुन्हा तेच. आयुष्यभर ती नेमकं बोलण्याचा धंदा करत आली होती, आणि आता तोंडातून निघालेला पहिलाच शब्द तोच निघाला होता. तो माणूस फोन ठेवणार होता. पलीकडे रिसीव्हर कानापासून लांब गेल्याचं तिला ऐकू आलं.

"फोरमन!" ती किंचाळली. फाटकाबाहेरून जाणारी माणसं थांबून बघायला लागली. "चष्मा खोटं सांगतोय! तो पोरगा जिवंत वाफ उघडतोय! हात काढा त्याचा! आधी हात काढा, मग मला शिव्या द्या!"

पलीकडे रिसीव्हर कशावर तरी आपटल्याचा आवाज आला आणि मग तो नुसताच लोंबकळत राहिला असावा, कारण घरघर कमी-जास्त होत होती. बाईने रिसीव्हर कानाला घट्ट दाबून धरला. पायांचे आवाज. कुणाची तरी आरोळी, शब्द कळले नाहीत. ती वाफेच्या आवाजाची वाट बघत होती. वाफ सुटली तर कसला आवाज येतो हे तिने कधी ऐकलं नव्हतं, आणि प्रत्येक फुसफुस ऐकून तिला वाटत होतं, हाच तो. जिराफ दारात वाकून उभा होता. वॉचमननेही आपली वही मिटली होती.

"काय ऐकू येतंय?" जिराफाने विचारलं.

तिने मान हलवली. काहीच नाही, असं तिला म्हणायचं होतं, की गप्प बस, असं, ते तिचं तिलाही सांगता आलं नसतं. घरी सासूबाई या वेळी भाजी निवडत बसल्या असतील. त्यांना कोण सांगणार, कोणत्या शब्दांत सांगणार, आणि सांगताना त्या ओळीचं काय करायचं, असलं काहीबाही तिच्या मनात येत होतं. तिला स्वतःची भयंकर चीड आली. फुगली होती ती. मोठी बाई, नावाजलेली बाई, आणि लहान पोरीसारखी फुगली होती.

मग आवारातल्या त्या लांब रस्त्यावर, पार पलीकडे, स्टीमघराचं दार उघडलं. फोरमन बाहेर आला. त्याच्यामागून धाकटा. चालत येत होता. दोन्ही पायांवर, चष्मा कपाळावर चढवलेला, एक हात दुसऱ्या हाताने धरलेला. बाईने रिसीव्हर टाकला आणि ती धावली. वॉचमन या खेपेला बाजूला झाला.

"वहिनी? तू इथे कशी?" धाकट्याने तिला बघून विचारलं. चेहरा पांढराफटक होता, पण जीभ जागेवर होती. "ह्यांनी मागून कॉलर धरून ओढलं मला. मी म्हटलं, कुणाचा एवढा राग काढतायत?"

"उघडला होतास?" फोरमननेच तिच्या आधी विचारलं. तो धापा टाकत होता. "खरं सांग, फिरवलं होतंस चाक?"

"घट्ट बसलं होतं. जोर लावत होतो. हलणारच होतं."

जिराफ मागून येऊन उभा राहिला होता. बाईने धाकट्याचा हात ओढून घेतला. पकड बसावी म्हणून त्याने हातमोजा काढला होता, आणि तळवा लालबुंद झाला होता, चाकाची गोल कड त्यावर उमटलेली.

"हे काय?" ती म्हणाली. "चाक तापलेलं होतं?"

"सणसणीत."

"अरे, मग कळलं नाही तुला? तुझी लाइन सकाळपासून बंद होती. बंद लाइनचं चाक गार असतं ना?"

"कळलं की." धाकटा हात सोडवून घ्यायला बघत होता. ती सोडत नव्हती. "लगेच कळलं. हात लावल्याबरोबर कळलं."

"मग काढला का नाहीस? भाजत होतं तरी धरून का बसलास?"

धाकट्याला उत्तर द्यायची लाज वाटत होती, हे तिला दिसलं. त्याने एकदा फोरमनकडे बघितलं, एकदा त्या उंच माणसाकडे, आणि मग खाली बघत म्हणाला, "खूण तिथेच होती ना. मी दोनदा डोळे चोळले, तरी तिथेच. म्हटलं, वहिनीने तपासलेलं आहे. ती साधा स्वल्पविराम चुकू देत नाही, ती हे चुकू देईल होय? म्हटलं, आपल्याच हाताला काहीतरी वाटतंय."

बाईला रडू फुटलं. तिथेच, आवाराच्या मधोमध, त्याचा भाजलेला हात आपल्या दोन्ही हातांत धरून ती हमसून हमसून रडायला लागली. लग्नानंतर इतक्या वर्षांत धाकट्याने तिला असं कधी बघितलं नव्हतं आणि काय करावं ते त्याला कळेना.

"वहिनी," तो हळूच म्हणाला, "अगं, लोक बघतायत."

"बघू देत," ती म्हणाली. "भाऊजी, यापुढे तुमच्या हाताला जे लागेल ते खरं. माझं काही एक ऐकायचं नाही."